यंत्रांतील नामावलि

सी या भाषेंत लिहिलेली संगणकाची आज्ञावलि कितीही लहान असली तरी ती एकटी चालत नाहीं. पडद्यावर एक ओळ उमटविणें, शब्दाची लांबी मोजणें, कोनाची कोज्या काढणें, अशीं नित्याचीं कामें प्रत्येकानें नव्यानें लिहावयाचीं म्हटलीं तर आयुष्य त्यांतच सरेल. म्हणून हीं कामें कोणीतरी पूर्वीं एकदां नीट लिहून, तपासून, एकत्र बांधून ठेवलेलीं असतात. अशा एकेका कामास 'फंक्शन' म्हणतात आणि त्यांच्या गठ्ठ्यास 'लायब्ररी' म्हणतात. नवी आज्ञावलि लिहिणारा त्या कामाचें फक्त नांव लिहितो. प्रत्यक्ष काम लायब्ररी करते.

येथवर सारें सरळ आहे. अडचण पुढें येते. लायब्ररी एक नसते. साध्या घरगुती संगणकावरही त्या शेंकड्यांनीं असतात. त्यांपैकीं कोणतें फंक्शन कोणत्या लायब्ररींत आहे, तें बाहेरच्यांस वापरूं दिलेलें आहे कीं नाहीं, आणि पुस्तकांत लिहिलें आहे त्याप्रमाणें तें अजून तेथेंच आहे काय, हें कोणास विचारावें? मोठ्या शहरांतील मोठ्या कचेरींत शेजारच्या टेबलावर एखादा जाणता माणूस बसलेला असतो. बुलढाणा जिल्ह्यांत शेगांव येथें १९८३ सालीं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झालें, आणि या भागांतील मुलांस अभियांत्रिकीचें शिक्षण घराजवळ मिळूं लागलें. तथापि वर्ग सुटल्यावर, रात्रीं दहा वाजतां, मेहकरास किंवा देऊळगांव राजास आपल्या खोलींत बसलेल्या विद्यार्थ्यास जाणता माणूस शेजारीं मिळेलच असें नाहीं. अशा वेळीं विचारावयाची एक जागा मात्र सदैव उघडी असते, आणि ती म्हणजे खुद्द लायब्ररीची फाईल. तिला प्रश्न विचारण्याचें जें साधन आहे त्याचें नांव 'एन्-एम्'.

हें साधन आजकालचें नव्हे. अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेंत युनिक्स ही संगणक चालविणारी व्यवस्था निर्माण झाली. तिच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि त्या पहिल्याच आवृत्तींत 'एन्-एम्' आहे. 'नामावलि' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप होय. डेनिस रिची यांची सी भाषा त्यानंतर, १९७२ च्या सुमारास, आकारास आली. म्हणजे हत्यार भाषेहूनही वडील आहे. ब्रायन कर्निगन आणि रिची या दोघांनीं सी भाषेवर लिहिलेला प्रसिद्ध ग्रंथ १९७८ सालीं निघाला. आज लिनक्सवर 'बिनयुटिल्स' नांवाच्या विनामूल्य संचांत 'एन्-एम्' मिळतें. विंडोज वापरणाऱ्यांसाठीं मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल स्टुडिओ' या साहित्यासोबत 'डंपबिन' नांवाचें साधन येतें, आणि त्यास 'एक्स्पोर्टस' असें सांगितलें कीं डी-एल्-एल् या जातीच्या लायब्ररीची तशीच यादी तें दाखवितें.

आतां ही नामावलि असते कशासाठीं, तें पाहूं जातां प्रथम 'निर्यात' हा शब्द समजून घेतला पाहिजे. लायब्ररीच्या पोटांत जितकीं फंक्शनें असतात तितकीं सर्व बाहेरच्यांसाठीं नसतात. मुंबईहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांतून जातो. त्यावर मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव हीं स्थानकें आहेत, आणि जलंबहून एक फांटा खामगांवास जातो. या मार्गावर फाटकें आहेत, सिग्नलाच्या चौक्या आहेत, मालधक्के आहेत. त्यांवांचून गाडी एक कोसही जावयाची नाहीं. तरीही प्रवाशांच्या वेळापत्रकांत त्यांचीं नांवें नसतात. वेळापत्रक हें प्रवाशाशीं केलेलें बोलणें आहे: येथें चढावें, येथें उतरावें. इतकेंच काय, जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जें बुलढाणा, तेंही त्या वेळापत्रकांत नाहीं, कारण तेथें आगगाडी जात नाहीं. प्रवासी मलकापुरास उतरतो आणि पुढें घाट चढून मोटारीनें जातो.

लायब्ररीचेंही असेंच आहे. तिच्या कर्त्यानें जीं नांवें बाहेरच्यांसाठीं जाहीर केलीं तीं निर्यात केलेलीं नांवें. बाकीचीं आंतल्या कामाचीं. आंतल्या फंक्शनापर्यंत पोहोंचावयाचें तर एखाद्या जाहीर नांवानेंच आंत शिरावें लागतें. असें कां करावें? कारण आंतली व्यवस्था कर्त्यास केव्हांही बदलावीशी वाटते. मालधक्का इकडचा तिकडे नेला तर प्रवाशाची तक्रार नसते. स्थानकच उठविलें तर सारा तालुका उठतो. जाहीर नांव हें वचन असतें, आणि नामावलि ही अशा वचनांची यादी असते.

ही यादी माणसासाठीं केलेली नाहीं, यंत्राच्या गरजेसाठीं केलेली आहे, हेंच तिचें मोल. आज्ञावलि सुरू होतांना एक जोडणारा, ज्यास 'लिंकर' म्हणतात, तो तिला लागणारीं नांवें घेऊन लायब्ररींच्या नामावल्या धुंडाळतो आणि प्रत्येक नांवापुढें प्रत्यक्ष पत्ता बसवितो. यादींत नांव नसेल तर त्याचें काम तेथेंच अडतें. म्हणून ती यादी खरी असावीच लागते. कर्त्यानें जागा वांचविण्यासाठीं 'स्ट्रिप' नांवाच्या साधनानें फाईलींतील अनावश्यक नांवें पुसलीं, तरीही ही निर्यातीची यादी शिल्लक राहते. यामुळेंच नवशिक्याची एक फसगत होते. तो लिनक्सवरील लायब्ररीपुढें साधें 'एन्-एम्' चालवितो आणि उत्तर येतें कीं येथें नांवेंच नाहींत. तें उत्तर आंतल्या, पुसलेल्या यादीविषयीं असतें. निर्यातीची यादी पाहण्यासाठीं 'एन्-एम्' नंतर एक आडवी रेघ आणि कॅपिटल 'डी' हें अक्षर द्यावें लागतें. तें दिलें कीं नांवांची रांग पडद्यावरून वाहूं लागते. लिनक्सवरील सी भाषेच्या मुख्य लायब्ररींत अशीं नांवें दोन हजारांहून अधिक आहेत.

प्रत्येक ओळींत तीन गोष्टी असतात: पत्त्याचा आंकडा, एक अक्षर आणि नांव. पैकीं मधलें अक्षर नीट वाचतां आलें म्हणजे निम्में शास्त्र हातीं आलें. 'टी' म्हणजे तें नांव काम करणाऱ्या आज्ञांचें, म्हणजेच फंक्शनाचें आहे. 'डी' किंवा 'बी' म्हणजे तें सांठविलेल्या माहितीच्या जागेचें आहे. अक्षर कॅपिटल असेल तर नांव बाहेरच्यांस दिसणारें, स्मॉल असेल तर बहुधा आंतल्यापुरतें. 'डब्ल्यू' म्हणजे नांव दुबळें आहे, दुसऱ्या कोणीं तेंच नांव जोरानें सांगितलें तर तें मागें सरतें. आणि 'यू' याचा अर्थ सर्वांत महत्त्वाचा: हें नांव येथें नाहीं, येथें त्याची केवळ मागणी आहे. बाजारांत विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची चिठ्ठी एकाच वहींत चिकटविलेली असावी तसें हें आहे. 'यू' ही घेणाऱ्याची चिठ्ठी होय. ती पाहून 'फंक्शन सांपडलें' असें समजणारा रिकाम्या हातांनीं परततो. म्हणून शोध करतांना 'डिफाइन्ड ओन्ली', म्हणजे फक्त ज्यांची वस्तु येथें आहे तेवढींच नांवें दाखव, अशी सूचना देण्याचा प्रघात आहे.

एक उदाहरण घेऊं. विद्यार्थ्यानें कोन विचारून घेऊन त्याची कोज्या सांगणारी आज्ञावलि लिहिली. त्यांत 'कॉस' हें फंक्शन वापरलें. भाषेच्या नियमांत चूक नाहीं, तरी शेवटीं यंत्र सांगतें कीं 'कॉस' या नांवाचा ठावठिकाणा लागत नाहीं. याच आज्ञावलींतील 'प्रिंटेफ' मात्र बिनतक्रार सांपडलें. असें कां? 'एन्-एम्'ला सी भाषेची मुख्य लायब्ररी दाखवावी, आणि त्याचें उत्तर 'ग्रेप' या चाळणींतून 'कॉस' या नांवासाठीं गाळून घ्यावें. चाळणींतून तें नांव पडत नाहीं. मग सर्व लायब्ररींवर तेंच चालवावें. प्रत्येक ओळीपुढें फाईलचें नांवही यावें म्हणून कॅपिटल 'ए' ही खूण जोडावी. उत्तर येतें: 'कॉस' गणिताच्या निराळ्या लायब्ररींत, 'लिब-एम्' हींत आहे. आज्ञावलि बांधतांना त्या लायब्ररीचें नांव घेतलें कीं अडलेलें काम मार्गीं लागतें. येथें एक खांचखळगा सांगून ठेवणें बरें. याच नांवाची, शेवटीं आंकडा नसलेली एक फाईल कित्येक संगणकांवर असते आणि ती उघडून पाहतां चारदोन ओळींचा मजकूर तेवढा निघतो. ती जोडणाऱ्यासाठीं ठेवलेली चिठ्ठी होय. खरी लायब्ररी पाहिजे तर नांवाच्या शेवटीं सहा हा आंकडा असलेली फाईल घ्यावी.

कोणी म्हणेल कीं एवढी यातायात कशाला, 'कॉस' कोठें असतें हें कोणत्याही पुस्तकांत लिहिलेलें आहे. पुस्तकांत लिहिलेलें असतें हें खरें. परंतु पुस्तक छापलें त्या दिवशींचें असतें. एकाच वेळीं अनेक कामें चालविण्याचीं जीं फंक्शनें आहेत, तीं 'पीथ्रेड' नांवाच्या वेगळ्या लायब्ररींत असतात असें वर्षानुवर्षें शिकविलें गेलें, आणि तें बरोबरही होतें. २०२१ सालीं ग्नू सी लायब्ररीची २.३४ ही आवृत्ति निघाली. तींत हीं सर्व फंक्शनें मुख्य लायब्ररींत आणून बसविलीं, आणि 'पीथ्रेड'ची जुनी फाईल जवळजवळ रिकामी करून जुन्या आज्ञावल्यांच्या सोयीसाठीं तेवढी ठेविली. जुनें पुस्तक वाचणारा अद्यापि वेगळी लायब्ररी जोडतो. त्यानें नुकसान होत नाहीं, पण कां जोडतों तें त्यास सांगतां येत नाहीं. ज्यानें आपल्या संगणकावरील फाईलला विचारलें त्यास आपल्या संगणकापुरतें खरें उत्तर मिळतें. मग आवृत्ति नवी असो कीं जुनी, आणि इंटरनेट चालू असो कीं बंद.

जाहीर नांव हें वचन असतें असें वर म्हटलें. तें किती कसोशीनें पाळलें जातें याची एक हकीकत प्रसिद्ध आहे. 'मेमसीपीवाय' या फंक्शनाचें काम संगणकाच्या स्मृतींतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागीं उतरविणें. दोन्ही जागा एकमेकींवर आलेल्या नसाव्यात, अशी त्याची अट पहिल्यापासून आहे. तशा आल्या असतील तर 'मेममूव्ह' वापरावें. २०१० सालीं लायब्ररीच्या कर्त्यांनीं कांहीं नव्या यंत्रांसाठीं 'मेमसीपीवाय' अधिक वेगवान् केलें. तें मजकूर मागून पुढें उतरवूं लागलें. अट पाळणाऱ्यांस कांहींच फरक पडला नाहीं. पण 'फ्लॅश' हें चित्रें व ध्वनि वाजविणारें साधन अट मोडूनच चालत आलें होतें. फेडोरा १४ वापरणाऱ्या लोकांस त्यांतील आवाज एकाएकीं खरखरीत ऐकूं येऊं लागला. चूक कोणाची, यावर पुष्कळ वाद झाला. पुढें २०११ सालच्या २.१४ या आवृत्तींत तोड निघाली: एकाच नांवाच्या दोन नोंदी ठेवल्या. जुन्या आज्ञावलीस जुनी, सोसून घेणारी नोंद मिळते. नव्यानें बांधलेलीस नवी. एक्स-शहाऐंशी-चौसष्ट वर्गाच्या सामान्य संगणकावर अलीकडचें 'एन्-एम्' चालविलें तर 'मेमसीपीवाय' आजही दोनदां दिसतें, एकापुढें २.२.५ आणि दुसऱ्यापुढें २.१४ असा आवृत्तीचा आंकडा. एका ओळीच्या या दुहेरीपणामागें एवढा इतिहास आहे.

इतकें उपयुक्त साधन असूनही त्याच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. सी भाषेच्या यादींत नांव आणि पत्ता एवढेंच असतें. त्या फंक्शनास काय द्यावयाचें आणि तें काय परत करतें, हें तेथें लिहिलेलें नसतें. त्यासाठीं हेडर फाईल आणि माहितीपुस्तकाचा तिसरा भाग वाचावा लागतो. सी-प्लस-प्लस या पुढच्या भाषेंत नांवाशींच द्यावयाच्या वस्तूंचे प्रकार गुंफलेले असतात, जसें माणसाचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव एकत्र लिहितात तसें. सी भाषेंत केवळ पाळण्यांतलें नांव. 'स्ट्रलेन' हें शब्दाची लांबी सांगणारें फंक्शन यादींत कोणासही सांपडेल. त्यास 'बुलढाणा' हा शब्द द्यावा. डोळ्यांस अक्षरें चार दिसतात. आजच्या युनिकोड पद्धतींत काना, उकार हे वेगळे धरून चिन्हें सात होतात. 'स्ट्रलेन' मात्र उत्तर देतें एकवीस. कारण तें अक्षरें मोजतच नाहीं, बाइट मोजतें, आणि नेहमींच्या यूटीएफ-आठ या लेखनांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. तिन्ही उत्तरें आपापल्या जागीं बरोबर आहेत. ज्यानें नुसत्या नांवावर भरंवसा ठेवून मराठी नांवांसाठीं रकाना आंखला, त्याच्या रकान्याबाहेर अर्धें नांव सांडतें, आणि शाळेच्या दाखल्यावर किंवा शिधापत्रिकेवर तुटकें नांव छापलें गेलें म्हणजे त्याचा त्रास घरच्या माणसांस होतो.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. नामावलि पत्ता सांगते, वर्तणूक सांगत नाहीं. २९ मार्च २०२४ रोजीं अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें एक धक्कादायक गोष्ट उघडकीस आणली. फाईली दाबून लहान करणाऱ्या 'एक्स-झेड' या प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट लपविलेली होती. दूरच्या संगणकांत शिरण्यासाठीं वापरण्यांत येणारें 'एस्-एस्-एच्' उघडतांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून त्यास संशय आला आणि त्यानें पाठपुरावा केला. त्या लायब्ररीच्या फंक्शनांचीं नांवें सरळ, ओळखीचीं होतीं. कपट होतें तें नांवास पत्ता जोडण्याच्या क्षणीं. गुप्तलेखन तपासणाऱ्या एका फंक्शनाकडे जाणारी हांक मधल्यामध्यें वळवून घेण्याची ती योजना होती. अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष न करणारा माणूस भेटला म्हणून ती वेळीं उधळली. दाराबाहेरील पाटीवर नांव बरोबर असलें म्हणजे आंत बसलेला माणूस तोच, असें म्हणतां येत नाहीं.

सावधगिरीची आणखी एक गोष्ट येथेंच सांगण्याजोगी आहे. 'एन्-एम्' फाईल केवळ वाचतें, ती चालवीत नाहीं. 'एल्-डी-डी' नांवाचें दुसरें साधन आज्ञावलीस कोणकोणत्या लायब्ररी लागतात तें दाखवितें; पण तसें करतांना क्वचित् ती आज्ञावलि प्रत्यक्ष चालविली जाण्याचा संभव असतो, असा इशारा त्याच्याच माहितीपुस्तकांत दिलेला आहे. म्हणून कोठून आली हें ठाऊक नसलेल्या फाईलीवर 'एल्-डी-डी' चालवूं नये. नांवें पाहूनच थांबावें.

संगणक वापरणाऱ्या घरांत बहुतेकांची अशी समजूत असते कीं यंत्राच्या आंत काय आहे तें कंपनीस ठाऊक, आपल्यास तें कळणें शक्य नाहीं. ही समजूत निम्मी खरी आहे. प्रत्येक फंक्शन आंतून कसें लिहिलें आहे हें तज्ज्ञासही एका बैठकींत कळत नाहीं. परंतु लायब्ररी बाहेरच्या जगास काय काय देऊं करते आणि दुसऱ्यांकडून काय मागते, ही देण्याघेण्याची वही फाईलींत उघडी ठेवलेली असते, आणि ती वाचण्यास मुबलक पैसा लागत नाहीं कीं कोणाची परवानगी लागत नाहीं. दोन अक्षरांचें एक जुनें साधन, तीन रकान्यांची यादी आणि मधल्या अक्षराचा अर्थ एवढ्या सामग्रीवर मेहकरचा विद्यार्थी आणि कॅलिफोर्नियाचा अभियंता एकाच पायरीवर बसतात. कोणीं सांगितलें म्हणून मानणें आणि स्वतः पाहून मानणें यांतील अंतर शाळेंत प्रयोगाच्या टेबलाशीं शिकवितात. तें येथेंही शिकतां येतें. नांव सांपडलें कीं हेडर पाहावें, माहितीपुस्तक वाचावें, लहानशी आज्ञावलि लिहून फंक्शन करून पाहावें, आणि मगच त्यावर मोठी इमारत उभारावी.